कात्री काठावर नको

आत्या मागच्या दाराने दुकानात शिरली आणि कुणाशी बोलायच्या आधी तिने कापायच्या टेबलाच्या काठाशी पडलेली मोठी कात्री आत सरकवली.

"झालं," धाकटी म्हणाली. "आता सभा सुरू करायला हरकत नाही."

"हसा. पायाच्या बोटावर पडली म्हणजे कळेल."

धाकटी हसली खरी, पण तिच्या भावाने, थोरल्याने, मान वर केली नाही. तो दोन्ही कोपरे टेबलावर टेकून बसला होता आणि त्याच्यासमोर औषधाचे एक पाकीट होते. सुट्टीचा दिवस होता. पुढचे शटर खाली ओढलेले, शिलाईची यंत्रे झाकलेली. बाहेर कुणीतरी गाडी धूत होते. या टेबलावर तीन पिढ्यांनी कोट बेतले होते आणि घरातले एकूण एक भांडणही इथेच आणून पसरले होते. आजचा विषय दादा होता.

दादा म्हणजे आत्याचा मोठा भाऊ, या दोघांचे बाबा आणि साऱ्या गल्लीचे मास्तर. तो खिडकीपाशी स्टुलावर बसून, गळ्यात टेप टाकून रस्त्याकडे पाहत होता. आपल्याबद्दल सभा भरली आहे याचे त्याला काहीच नव्हते. आत्याला पाहून तो मनापासून हसला.

"टाचणी आली," तो म्हणाला.

टाचणी हे आत्याचे लहानपणचे नाव. दुकानात सांडलेल्या टाचण्या वेचायचे काम तेव्हा तिच्याकडे होते आणि ती अंगानेही तशीच होती. आता ती बारीक राहिली नव्हती, टोक मात्र शाबूत आहे असे घरात म्हणत. दादा हल्ली जेवल्याचे विसरायचा, पोटच्या मुलीचे नाव विसरायचा, पण टाचणीला विसरला नव्हता. आत्याला याचा अभिमान होता आणि तो लपवायचे तिला कधी सुचले नाही.

"परवाचं कळलंय ना तुला?" थोरल्याने विचारले.

"जिन्यात कानावर आलं. तू सांग."

"मी कपडे पोचवायला गेलो होतो. परत येतो तर शटर आतून बंद, मागच्या दारालाही कडी. आत बाबा, ही," त्याने बायकोकडे बोट केले, "आणि ट्रायलला आलेला एक माणूस. बाबा म्हणतात, दार उघडायचं नाही, पोरं रस्त्यावर पळतील. कुठली पोरं? तर टेबलाखालची. तो माणूस एका बाहीचा कोट घालून आत उभा, मी बाहेर शटर बडवतोय. गल्लीला फुकटचा तमाशा. शेवटी हिने कुलूप काढायला हात पुढे केला, तर हिच्यावर गज उगारला."

"मारला नाही," सूनबाई म्हणाली.

"उगारला."

"उगारला. पण मारला नाही."

भिंतीला टेकवून ठेवलेल्या लाकडी गजाकडे सगळ्यांनी एकदा पाहून घेतले. त्याच गजाने मोजमाप करत दादाने थोरल्याला धंदा शिकवला होता, आणि शिकवताना तो कधी कुणावर उगारला नव्हता.

"गल्लीतल्या डॉक्टरांनी ही गोळी दिलीय," थोरला म्हणाला. "भास थांबवायची. आज रात्रीपासून सुरू. त्यानेही जमलं नाही तर ते म्हाताऱ्या माणसांना ठेवतात ना, तिथे बघू. नाव घालून ठेवलंय मी."

"नाव घातलंस?" धाकटी उभीच राहिली. "आम्हाला न विचारता?"

"तू येतेस सुट्टीच्या दिवशी, फळं घेऊन. तुला बघून बाबा गोड हसतात. गज तुझ्यावर उगारत नाहीत."

"म्हणून परस्पर ठरवायचं?"

"जो राहतो तो ठरवतो."

धाकटी नकाशे काढायच्या कचेरीत होती आणि भांडतानासुद्धा रेघ सरळच ओढायची. "त्यासाठीच मी आज डॉक्टरबाईंना घरी बोलावलंय," ती म्हणाली. "त्या फक्त याच आजाराचं बघतात. त्या येईपर्यंत गोळी नाही."

"त्या आल्या तरी गोळी नको," आत्या म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले.

"का?" थोरल्याने विचारले.

"नको म्हटलं ना."

"आत्या, तुझा शब्द मी कधी खाली पडू दिलाय का? पण कारण सांग. नुसतं नको म्हणून घर चालत नाही."

कारण होते. पण ते तिने इतकी वर्षे अस्तराच्या आत शिवून टाकले होते. आज ते उसवायचे तर कुठून सुरुवात करायची तेच तिला कळेना. "काही गोळ्या सोसत नाहीत माणसाला," ती म्हणाली.

"कुठल्या माणसाला नाही सोसली?"

आत्याने विषय बदलला, आणि बदलताना पाय आणखी खोलात घातला. "आणि ती डॉक्टरीण तरी कशाला घरी? बसतील चार प्रश्न विचारत. नसतं उकरून काढतील."

धाकटीला वाटले होते की आत्या आपल्या बाजूने आहे. ती बघतच राहिली. "अगं, तुला गोळी नको, डॉक्टर नको. तू आहेस तरी कुणाच्या बाजूने?"

"दादाच्या."

हे इतके खरे होते की धाकटी परत खाली बसली. तेवढ्यात मागचे दार वाजले.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या होत्या. खांद्याला जड बॅग, पायात चालून चालून मऊ पडलेले बूट. दादाने त्यांना पाहिले मात्र, तो स्टुलावरून उठला, शर्ट सारखा केला आणि पुढे झाला. गिऱ्हाईक दारात आल्यावर बसून राहणे त्याच्या रक्तातच नव्हते.

"या बाई. कोट, की जाकीट?"

डॉक्टरबाईंनी धाकटीकडे पाहिले, मग दादाकडे. "कोट," त्या म्हणाल्या आणि बॅग उतरवून सरळ उभ्या राहिल्या.

"असं नाही. नेहमी उभ्या राहता तसं राहा."

सकाळी याच माणसाला शर्टाचे बटण काजात घालता आले नव्हते. आता त्याच्या हातातून टेप पाण्यासारखी सुटत होती. तो एकेक माप मोठ्याने सांगे आणि सूनबाई ते मागोमाग म्हणे. ती हे रोज करायची. रोजचे गिऱ्हाईक दादाच्या मनातले, त्याला अंग नसायचे; आज अंग होते, एवढाच फरक. खांद्यांपाशी दादा थांबला. दोन्ही खांद्यांवर हात ठेवून त्याने अंदाज घेतला, तोंडाने काही बोलला नाही, आणि शेजारच्या ड्रॉवरवर दोन बोटे वाजवली.

"हे काय होतं?" डॉक्टरबाईंनी विचारले.

थोरला गप्पच राहायचे ठरवून बसला होता, पण धंद्याचा विषय निघाल्यावर त्याला राहवले नाही. "तुमचा उजवा खांदा जरा खाली आहे. बॅगेमुळे असेल. आमच्या दुकानात गिऱ्हाइकाचं उणं तोंडाने बोलत नाहीत. आजोबांचा नियम. पॅडच्या ड्रॉवरवर जितकी बोटं वाजवली, तेवढा पॅड कोटाच्या आत घालायचा. कोट अंगात गेला की जगाला दोन्ही खांदे सारखे."

"आता तर मला बोललात की."

"तुम्ही डॉक्टर आहात. तुम्हाला चालतं."

डॉक्टरबाई हसल्या आणि त्यांनी बॅग टेबलाखाली सरकवली.

"बाई, तिथे नको," दादा घाईने म्हणाला. "पोरं आहेत."

त्यांनी बॅग उचलून खुर्चीवर ठेवली. "किती आहेत?"

"तीन. एक आपलं कायम झोपलेलं असतं."

"त्रास देतात?"

"छे हो. बटणांशी खेळतात. बाहेर रस्ता आहे ना, तेवढीच काळजी."

थोरल्याने कपाळाला हात लावला. आत्या टेबलाच्या टोकाशी उभी होती. तिने टेबलाखाली पाहायचे टाळले.

मग डॉक्टरबाईंनी दादाला चालायला लावले, त्याचे कोपर दुमडून पाहिले, मनगटे फिरवून पाहिली. दादाने सगळे करू दिले. माप देणाऱ्याने कसे उभे राहावे हे त्याच्याइतके कुणाला माहीत असणार? ते झाल्यावर तो पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसला आणि सगळे टेबलाभोवती आले.

"या विसरायच्या आजारात पुष्कळांना भास होतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कुणाला माणसं दिसतात, कुणाला संशय येतो."

"बाबा म्हणतात, माझी कात्री बदलली," सूनबाई म्हणाली. "म्हणे मी बदलली."

"तेही त्यातलंच. पण सगळ्यांना असं होत नाही. एकाला होतं आणि दुसऱ्याला का नाही, त्याचा काही भाग रक्तातून येतो असं आता दिसायला लागलंय. एका भावंडाला हा आजार होऊन भास झाले, तर दुसऱ्या भावंडाला आजार झाल्यावर भास व्हायची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. म्हणून विचारते. मास्तरांच्या आधी घरात कुणाला असं झालं होतं?"

"नाही," थोरला म्हणाला. "आमच्या घराण्यात असलं काही नाही. आजोबा शेवटपर्यंत कात्री चालवत होते. आजी आंधळी झाली होती तेवढी. मोतीबिंदू."

"हो, आजी आंधळी होती," धाकटी म्हणाली. "माझ्या आधीच गेली ती, पण घरात सगळे सांगतात."

सगळे म्हणजे आत्याच सांगत आली होती. डॉक्टरबाई तिच्याकडे वळल्या. "तुमच्या आई ना त्या? डोळेच गेले होते?"

"डोळेच," आत्या म्हणाली.

तिने हे आयुष्यात इतक्यांदा सांगितले होते की आईच्या डोळ्यांवरचा पांढरा पडदा तिला क्षणभर खरोखर दिसला. असा पडदा कधी नव्हताच.

डॉक्टरबाईंनी औषधाचे पाकीट उचलून नाव वाचले. "ही गोळी वाईट आहे असं नाही. भासांपायी माणूस अंगावर धावून जायला लागला तर थोडी द्यावी लागते. मला एकच शंका आहे. या आजाराचा एक प्रकार असतो, त्यात अशी लख्ख माणसं आणि पोरं दिसतात, आणि नेमकी त्याच लोकांना ही गोळी भलतीच बाधते. अंग ताठरून जातं. मास्तरांचं अंग तर मोकळं वाटतंय. घरातलं मागचं काही कळलं असतं तर मी आधी तपासण्या करा म्हटलं असतं. तसं काही नसेल तर अर्धी देऊन पाहू. आज रात्री द्या आणि उद्या मला कळवा."

"अर्धी चालेल," थोरला म्हणाला. त्याचा आवाज सैल झाला होता.

"अर्धी असेल तर मलाही चालेल," धाकटी म्हणाली.

या दोघा भावंडांचे कधी एकमत झाल्याचे कुणाला आठवत नव्हते. आज झाले, आणि ते असे. आत्याने एकीकडून दुसरीकडे पाहिले. आता तिच्या बाजूला कुणीच उरले नव्हते. रात्री अर्धी गोळी दादाच्या पोटात जाणार होती, आणि ती अडवायची तर नुसते नको म्हणून भागणार नव्हते.

सूनबाईने चहाचा ट्रे आणला. तो ठेवायला जागा व्हावी म्हणून तिने टेबलावरचे कापड सारले, त्याबरोबर कात्रीही सरकली.

"टाचणे," दादा खिडकीतून म्हणाला, "कात्री काठावर आलीय बघ. पोरांच्या डोक्यात पडेल. आई ओरडेल."

तो हे अगदी रोजच्या आवाजात म्हणाला. आत्याने हात पुढे करून कात्री आत सरकवली आणि हात तिच्यावरच राहू दिला. हे गुपित दोघांचे होते. वडील गेल्यावर ते तिने आणि दादाने मिळून सांभाळले होते. आता दादाला आई आठवत होती, पोरे आठवत होती, कात्रीही आठवत होती. हे कुणाला सांगायचे नसते, एवढेच तो विसरला होता.

तिला वडिलांचे बोलणे आठवले. ते म्हणत, कोट जगाला दाखवायला असतो, पण टेपपुढे पोट आत ओढून उभा राहिला त्याचा कोट फुकट गेला. दुकानातल्या प्रत्येकाने हे वाक्य शंभरदा ऐकले होते.

"डॉक्टरबाई," आत्या म्हणाली, "मी पोट आत ओढून उभी आहे."

डॉक्टरबाईंना काही कळले नाही. थोरल्याला कळले. त्याने कप खाली ठेवला.

"आई आंधळी नव्हती," आत्या म्हणाली. "आजारातसुद्धा बारीक सुईत दोरा ओवत होती. तिला दिसायचं ते जास्तच दिसायचं. आधी विसरायला लागली. दूध उतू घालायची, वाट चुकायची. मग पोरं आली."

"कुठे आली?" धाकटीने विचारले, पण ते तिलाही कळले होते.

"या टेबलाखाली. दिवसभर त्यांच्याशी बोलायची. त्यांना जेवू घालायची. वाईट नव्हती गं ती पोरं, आईला त्यांचा फार लळा होता."

"आणि मोतीबिंदू?"

"तो माझ्या वडिलांनी शिवला. तेव्हा लोक काय बोलायचे ते तुम्हाला ठाऊक नाही. वेड्यांचं घर म्हटलं असतं. दुकान बसलं असतं. मी शेंडेफळ, माझं लग्न व्हायचं होतं. वडील म्हणाले, डोळे गेलेत म्हणायचं. आंधळं माणूस समोर नसलेल्याशी बोललं तरी कुणी हसत नाही. दादाला माहीत होतं, मला माहीत होतं. तुम्हाला काय सांगायचं? हा तेव्हा रांगत होता." तिने थोरल्याकडे पाहिले. "तूच एकदा टेबलाखाली शिरलास, तर आई म्हणाली, आज चौथं कुठून आलं?"

धाकटीला हसू फुटले आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आले. थोरला मात्र कात्रीकडे पाहत होता.

"मग हा नियम?" तो म्हणाला. "कात्री काठावर नको हा?"

"आईचा. पोरांच्या डोक्यात कात्री पडेल ही तिला धास्ती. सारखी उठून बघायची, जेवताजेवता उठायची. वडिलांनी दुकानाचा नियमच करून टाकला, म्हणजे तिला उठायला लागायचं नाही. कारागिरांना सांगितलं, पायावर पडते म्हणून."

"मी प्रत्येक नव्या माणसाला पहिला नियम हाच शिकवतो."

"चांगलं करतोस. पायही वाचले की सगळ्यांचे."

आता खरे बोलायचे होते ते उरले होते. आत्याने चहाचा घोट घेतला. "शेवटी तिला कुणीतरी गोळी आणून दिली. म्हणाले, पोरं जातील. पोरं गेली. आणि आई बसल्या जागी लाकूड झाली. मान वळेना, घास गिळेना. आम्हाला वाटलं आजारच वाढला, म्हणून आणखी देत राहिलो. वडिलांनी आपल्या मनाने बंद केली तेव्हा जराशी सैल झाली, पण पुन्हा पायावर उभी राहिली नाही. गोळीचं नाव मला ठाऊक नाही, डॉक्टरबाई. पोरं घालवायची गोळी होती, एवढंच."

बाहेरची गाडी धुऊन झाली असावी. डॉक्टरबाईंनी पाकीट उचलले आणि टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवले.

"ही आज नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या आईंना नेमकं काय झालं होतं ते आता छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. पण मला थांबायला एवढं पुरे आहे. आधी तपासण्या करू. दुसरं औषध आहे, याच आजाराचं, त्याने काही जणांचे भासही उतरतात. आणि पोरं मास्तरांना त्रास देत नसतील तर त्यांना हाकलायची घाई कशाला? प्रश्न दाराचा आहे."

"दाराचं मी सांगते," सूनबाई म्हणाली. ती इतका वेळ उभीच होती. ती नवऱ्याच्या विरुद्ध चारचौघांत बोलत नसे, म्हणून ती बोलायला लागल्यावर थोरला सावरून बसला. "मी बाबांना म्हटलं, पोरं नाहीतच, सरा बाजूला. म्हणून गज उचलला त्यांनी. पोरं माझी असती आणि कुणी रस्त्याचं दार उघडलं असतं, तर मी काय केलं असतं? मीही उचलला असता."

"अगं, पण..."

"अहो, माझं होऊ द्या. गज माझ्यावर उगारला ना? मग मीच सांगते. ते नाव घातलंय तुम्ही, ते काढा. मला माप कोण सांगणार?"

थोरल्याचा राग कधीच उतरला होता, खाली काय आहे ते आता दिसू लागले होते. "डॉक्टरबाई," तो टेबलाकडे पाहतच म्हणाला, "आजीला होतं. बाबांना आहे. म्हणजे मलाही होणार. गेल्या महिन्यात मी एकाची पँट दुसऱ्याला बांधून दिली."

"तू शाळेत असल्यापासून तेच करतोस," धाकटी म्हणाली.

"थट्टा नको गं."

"थट्टा नाही रे. मीही त्याच घरातली आहे. मलाही विचारायचंच होतं, तू आधी विचारलंस." तिने खुर्ची त्याच्या बाजूला ओढून घेतली. सकाळपासून ती समोर बसली होती.

"आधी आजार व्हायला हवा," डॉक्टरबाई म्हणाल्या, "मग त्यात भास व्हायला हवेत. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. रक्तातून येतो तो नुसता कल, आणि तोही एका गोष्टीचा नाही, अनेक बारीकसारीक गोष्टींचा मिळून. शक्यता थोडी वाढते हे खरं. ठरून गेलेलं काही नसतं."

थोरल्याने विचार केला. "तिरप्या कापडासारखं," तो म्हणाला. "कापड तिरपं बेतलं की त्याचा लोंबायकडे ओढा असतो. पण लोंबेलच असं नाही. नीट टाचलं, नीट ठेवलं, तर वर्षानुवर्षं जसंच्या तसं राहतं."

"हे मी माझ्याकडे येणाऱ्या लोकांना सांगू का?"

"खुशाल सांगा."

डॉक्टरबाईंनी मग आणखी एक विचारले. असे भास कुठल्या घरांत कसे उतरतात याचा अभ्यास चालला होता. आजारी भावाबरोबर धडधाकट बहिणीचेही रक्त मिळाले तर त्यांना हवे होते. लगेच फायदा कुणालाच नव्हता, आणि तो आहे असे त्यांनी खोटे सांगितलेही नाही.

"माझ्या रक्तातही ती पोरं असतील?" आत्याने विचारले.

"पोरं रक्तातून येत नाहीत. ती मास्तरांनी तुमच्या आईंच्या तोंडून ऐकलेली. कल मात्र असू शकेल."

"घ्या रक्त," आत्या म्हणाली. "इतकी वर्षं आईचं सगळं झाकतच आले. तिचं काहीतरी कुणाच्या कामाला येऊ दे."

तिला बरे वाटत होते. इतके की तिने दुसरा कप मागून घेतला आणि बिस्किटेही खाल्ली. रोज सकाळी कात्री आत सरकवताना ती टेबलाखाली चोरून नजर टाकायची, आणि खाली रिकामे दिसले की सुटल्यासारखे वाटायचे. हे तिने कुणालाच सांगितले नव्हते. आता तिने सर्वांदेखत वाकून पाहिले. एक बटण पडले होते, ते तिने उचलले. उद्या तिथे आणखी काही दिसलेच तर या घरात ते सांगता येणार होते.

डॉक्टरबाई निघाल्या तेव्हा दादा त्यांना दारापर्यंत सोडायला गेला. "ट्रायलला या," तो म्हणाला.

"येते," त्या म्हणाल्या.

"आता त्यांचा कोट शिवायचा का?" त्या गेल्यावर धाकटीने विचारले.

"माप घेतलंय ना," थोरला म्हणाला. या घरात याहून वेगळे उत्तर नव्हते. तो उठला, ट्रे बाजूला केला, टेबलावरचे कापड गुंडाळले. आत कोंदट झाले होते आणि शटर वर करायला हवे होते. तो शटरपाशी गेला, थांबला आणि परत आला. त्याने कात्री, होती तिथून आणखी वीतभर आत सरकवली. मग तो बापाच्या स्टुलापाशी उकिडवा बसला.

"बाबा, शटर वर करू का? जरा वारा येऊ दे."

दादाची बोटे गळ्यातल्या टेपवर घट्ट झाली. "पोरं आहेत."

"किती आहेत आत्ता?"

"तीन. एक झोपलंय."

"दोघांना धरायला हवं मग."

"मी एकाला धरते," सूनबाई म्हणाली आणि टेबलाच्या रस्त्याकडच्या टोकाशी खाली बसली. धाकटी साडी सावरत तिच्या शेजारी बसली. "मी दुसऱ्याला."

"टाचणी?" दादाने विचारले.

"मी झोपलेल्यापाशी बसते," आत्या म्हणाली.

दादाने तिघींकडे नीट पाहून घेतले. मग त्याने हातातली टेप सोडली.

"उघड," तो थोरल्याला म्हणाला. "हळू उघड. झोपलंय ते."

थोरल्याने दोन्ही हातांनी पेलून शटर इतके हळू वर केले, की त्याचा आवाजसुद्धा झाला नाही.